घाण्याआधी वाण सांगा

‘लाकडी घाण्याचे तेल म्हणजे अमृत आणि रिफाइंड तेल म्हणजे विष’ हा निकाल सध्या इतक्या ठामपणे ऐकवला जातो की त्यासाठी पुरावा मागणारा माणूस आरोग्याचा शत्रू ठरतो. पद्धत चांगली तर तेल चांगले, पद्धत वाईट तर तेल वाईट, एवढाच या निकालाचा गाभा. बी कशाचे, वाण कोणता, दाणा कोणत्या हवेत भरला, हे प्रश्न त्यात येतच नाहीत. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. कोणत्याही तेलाचा फार मोठा भाग मेदाम्लांचा असतो आणि ती किती व कोणती असावीत हे शेतात, दाणा भरत असतानाच ठरून जाते. घाणा, एक्सपेलर किंवा द्रावक ते प्रमाण बदलू शकत नाहीत. काढण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या पद्धतीमुळे बदलतो तो उरलेला छोटा भाग. तो क्षुल्लक नाही, पण त्यातले काही बदल खाणाऱ्याच्या फायद्याचे असतात आणि काही तोट्याचे. तेव्हा ज्या बाटलीवर घाण्याचे चित्र आहे आणि वाणाचे नाव नाही, ती बाटली गिऱ्हाइकाला दुय्यम गोष्ट मोठ्याने सांगते आणि मुख्य गोष्ट गाळते.

वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यासारख्या ठिकाणी हा वाद पुस्तकी राहत नाही. कारखान्यांचे गाळे आणि दाट वस्ती असलेल्या या भागात करडई, भुईमूग, सूर्यफूल यांतले काहीच पिकत नाही. पश्चिमेला वसईच्या वाड्यांत नारळ आहे. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर, खुरासणी, म्हणजे इतरत्र कारळे म्हणतात ती तेलबी, होते. बाकी सगळे तेल सोलापूर-मराठवाड्याकडून, गुजरातेतून किंवा बंदरावरून येते. देशालाच लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक आयात होते. ज्याच्या गावात तेलबी पिकते तो निदान शेत पाहू शकतो. गोखिवऱ्यातल्या गिऱ्हाइकाच्या हाती फक्त लेबल आणि दुकानदाराचा शब्द असतो. अशा वेळी लेबल काय सांगते आणि काय लपवते, याचा हिशेब मांडायलाच हवा.

आधी रसायनाची बाजू. बियातले तेल पेशींमधल्या अतिसूक्ष्म थेंबांत साठलेले असते. त्याचे बहुतेक सगळे रेणू ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांचे बनलेले असतात. ही मेदाम्ले संपृक्त असतील, ओलिकसारखी एका दुहेरी बंधाची असतील, किंवा लिनोलिकसारखी एकाहून अधिक बंधांची. तेल थंडीत गोठते की नाही, किती लवकर खवट होते, तळणात किती टिकते आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर काय परिणाम करते, हे प्रामुख्याने या प्रमाणावर अवलंबून असते. वनस्पती ओलिक आम्लाचे लिनोलिक आम्लात रूपांतर करते ते एका ठरावीक एन्झाइमच्या मदतीने, आणि ते एन्झाइम बनवणारा जनुक कितपत काम करतो हे वाणावर ठरते. दाबाने फोडलेल्या पेशीतून आणि हेक्झेन या द्रावकाने धुतलेल्या पेशीतून बाहेर येतात ते हेच तयार रेणू. दाब देऊन दुहेरी बंध वाढत नाही आणि हेक्झेनने तो तुटतही नाही. एकाच पोत्यातले बी घाण्यात, एक्सपेलरमध्ये आणि द्रावकाने काढले, तर तिन्ही तेलांतली मुख्य मेदाम्ले जवळपास सारखीच निघतात. कोलम हातसडीचा केला म्हणून तो आंबेमोहर होत नाही. तेलाचेही तेच आहे.

याउलट वाण बदलला तर काय होते, याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्राच्याच पिकात मिळते. करडई ही सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानातली रब्बीची तेलबी. तिच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक आम्ल चारात तीन भाग असते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सर्वाधिक असंपृक्त तेलांपैकी ते एक. पण भारतीय उपखंडातून बाहेर गेलेल्या करडईच्या बियाण्यात काही झाडे वेगळी आढळली. त्यांच्या तेलात प्रमाण उलटे होते, ओलिक भरपूर आणि लिनोलिक थोडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात पॉल्डन नोल्स यांनी हा गुण पक्का केला आणि १९६६ मध्ये ‘यूसी-१’ हा वाण दिला. जगातल्या जास्त ओलिकच्या तेलबियांचा हा आरंभ मानला जातो. आज कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात करडईच्या तेलाच्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिल्या नोंदीत लिनोलिक सुमारे ६८ ते ८३ टक्के आहे. दुसऱ्या नोंदीत ओलिक ७० ते ८४ टक्के आहे आणि लिनोलिक ९ ते २० टक्क्यांवर आले आहे. वनस्पती तीच, तेलाचे नावही तेच, आणि स्वभाव मात्र दोन वेगळ्या पिकांइतका वेगळा. ‘लाकडी घाण्याचे शुद्ध करडई तेल’ एवढे वाचून यांपैकी कोणते तेल हाती आले हे सांगता येत नाही. आपल्याकडच्या पैदासकारांनी करडईवर केलेले कामही गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची करडई आणली, सोलापूर-परभणीच्या केंद्रांनी कोरडवाहू शेतीला मानवणारे वाण दिले, आणि जुन्या वाणांत तीस टक्क्यांच्या आसपास घुटमळणारे तेलाचे प्रमाण नव्या वाणांत पस्तीसच्या पुढे गेले. बाटलीवर यातले एक अक्षर नसते. घाण्याचे चित्र मात्र ठळक असते.

भुईमुगाची कथा अधिक अलीकडची. नेहमीच्या शेंगदाणा तेलात ओलिक चाळीस ते पन्नास टक्के आणि लिनोलिक तिसाच्या वर असते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९८७ साली ऐंशी टक्के ओलिक असलेला भुईमूग नोंदला गेला आणि १९९५ मध्ये त्यातून ‘सनओलिक ९५ आर’ हा वाण आला. आपल्याकडे जुनागढचे भुईमूग संशोधन संचालनालय आणि इक्रिसॅट यांच्या कामातून ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे वाण निघाले, आणि १६ ऑक्टोबर २०२० रोजी ते इतर पोषणसमृद्ध वाणांसह देशाला अर्पण झाले. त्यांच्या तेलात ओलिक अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. या फरकाचा आकार समजायला आयोडीन मूल्याचा साधा हिशेब पुरतो. असंपृक्तता मोजण्याचे हे जुने माप. शेंगदाणा तेलासाठी त्याचा परंपरागत निकष ८५ ते ९९ असा आहे. ऐंशी टक्के ओलिक आणि तीन-चार टक्के लिनोलिक असलेल्या तेलाचा आकडा पंचाहत्तरच्या आसपास येतो. म्हणजे वाण बदलल्याने शेंगदाणा तेल शेंगदाणा तेलाच्या जुन्या व्याख्येच्याही बाहेर जाऊ शकते. कोणत्याही लाकडाचा, कोणत्याही वेगाने फिरणारा घाणा हे करू शकत नाही.

मोहरी आणि जवस यांत तर प्रश्न अपायकारक द्रव्याचा आणि उपयोगाचाच आहे. भारतीय मोहरीच्या जुन्या वाणांत एरुसिक आम्ल चाळीस टक्क्यांवर असते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा हृदयाच्या स्नायूवर अनिष्ट परिणाम दिसल्याने जगभर ते कमी करण्याचे प्रयत्न झाले. कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाच्या बाल्डर स्टेफान्सन यांनी १९७४ मध्ये ‘टॉवर’ हा वाण देऊन कॅनोलाचा पाया घातला. आपल्याकडे ‘पुसा मोहरी ३०’सारख्या वाणांत एरुसिक दोन टक्क्यांच्या खाली आले. जुन्या वाणाची मोहरी कितीही मंद गतीने, कितीही थंड दाबली तरी एरुसिक जसेच्या तसे तेलात उतरते. विदर्भातल्या जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. चटणीला ते उत्तम, पण त्यामुळेच हे तेल लवकर खवट होते आणि तळणाला निरुपयोगी ठरते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘टीएल-९९’ या वाणात हेच आम्ल पाच टक्क्यांच्या आत आहे. एक जवस औषधी तेलाकडे झुकते, दुसरे रोजच्या फोडणीच्या तेलाकडे. हा फरक झाडाच्या पैदाशीत घडला, तेलाच्या गिरणीत नव्हे.

वाणाच्या जोडीला हवामान. सूर्यफुलाच्या साध्या वाणात दाणा थंड दिवसांत भरला तर लिनोलिक वाढते, उष्ण दिवसांत भरला तर ओलिक वाढते, कारण ते रूपांतर करणारे एन्झाइम उष्णतेत मंदावते. एकाच वाणाचे रब्बीतले आणि उन्हाळ्यातले पीक म्हणून दोन थोडी वेगळी तेले देते. खुरासणी इथियोपियात वाढली की तिच्या तेलात लिनोलिक पाऊणशे टक्क्यांच्या आसपास असते. भारतात वाढलेल्या बियात ते साधारण पंचावन्न टक्के आढळते आणि ओलिकचा वाटा त्या मानाने मोठा असतो. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने ‘फुले कारळा’सारखे वाण याच सह्याद्रीच्या पट्ट्यासाठी दिले. तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या खुरासणीचे तेल ‘कसे’ आहे हे परदेशी तक्त्यावरून सांगता येत नाही आणि घाण्यावरूनही नाही. ते त्या उतारावरच्या बियाण्याची आणि त्या वर्षीच्या हवेची चाचणी करूनच सांगावे लागेल. या टापूतल्या आदिवासी शेतकऱ्याला चांगला भाव मिळवून द्यायचा तर असा दाखला त्याच्या उपयोगाचा आहे. ‘पारंपरिक’ हा शिक्का मधला व्यापारी कुठल्याही तेलावर मारू शकतो.

मग पद्धतीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि घाण्याच्या बाजूचे खरे मुद्दे इथेच आहेत. मेदाम्लांच्या मुख्य भागाखेरीज तेलात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुळातली द्रव्ये, वनस्पतिजन्य स्टेरॉल, रंगद्रव्ये, फॉस्फोलिपिड आणि वास देणारे रेणू असतात. दाबून काढलेल्या, फक्त निवळलेल्या तेलात हे बरेचसे टिकते. तिळाचा, शेंगदाण्याचा, करडईचा जो ओळखीचा वास येतो तो यामुळेच. पण इथेही आरोप चुकीच्या पत्त्यावर जातो. हेक्झेनने काढलेल्या कच्च्या तेलात अशी लघुद्रव्ये दाबलेल्या तेलाइतकी, अनेकदा त्याहून जास्त असतात, कारण द्रावक ती पेंडीतूनही ओढून आणतो. कमी होतात ती पुढच्या शुद्धीकरणात. डिंक काढणे, कॉस्टिक सोड्याने आम्ल मारणे, मातीने रंग उडवणे आणि शेवटी निर्वातात २३० ते २६० अंशांवर वाफेने वास घालवणे, या पायऱ्यांत टोकोफेरॉलचा काही भाग निघून जातो आणि चव-वास जवळजवळ पूर्ण जातो. चवीच्या प्रश्नावर मी घाण्याच्या बाजूने आहे. शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा भाकरीबरोबर घालायच्या कच्च्या तेलाला रिफाइंड तेल पर्याय नाही. ही बाजू चवीच्या नावानेच मांडावी. तिला औषधाचे लेबल लावण्याची गरज नाही.

रिफाइंड तेलावरचे आक्षेप टाळणेही बरोबर नाही. वास घालवण्याच्या त्या तापमानात दुहेरी बंधांचा थोडा भाग ट्रान्स रूपात जातो. शिवाय ग्लायसिडिल एस्टर आणि ३-एमसीपीडीची एस्टरे तयार होतात, विशेषतः पाम तेलात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये त्यांचे मूल्यमापन केले आणि युरोपीय संघाने २०१८ पासून ग्लायसिडिल एस्टरवर किलोमागे १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. हा खरा धोका आहे आणि आपल्या नियंत्रकांनी त्यावर तितकेच कडक राहावे ही मागणी रास्त आहे. मात्र समाजमाध्यमांवर ज्याला विष म्हटले जाते ते बहुधा हे नसतेच. तिथे वनस्पती तुपातले अर्धवट हायड्रोजनीकरण आणि साधे शुद्धीकरण यांची सरमिसळ केलेली असते. पहिल्यात ट्रान्स मेद मोठ्या प्रमाणात बनतो, दुसऱ्यात अल्प. भारतात तेल व मेदांतल्या ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे. हेक्झेनचीही गोष्ट तशीच. ते सुमारे ६९ अंशांना उकळते, द्रावकाने काढलेले तेल शुद्ध केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही, आणि शिल्लक हेक्झेनची मर्यादा दशलक्षात पाच भाग आहे. ही मर्यादा पाळली जाते का, हे तपासायला जरूर सांगावे. पण न तपासता ‘तेलात पेट्रोल’ म्हणणे ही भीतीची विक्री झाली.

शिवाय शुद्धीकरण फक्त काढून घेत नाही, काही नको असलेलेही काढून टाकते. ओलसर साठवणीतल्या शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे पहिल्या श्रेणीचे कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. शेंगदाणे दाबताना ते मुख्यतः पेंडीत राहते, पण थोडे तेलात उतरते. अल्कली आणि विरंजनाच्या मातीने ते निघून जाते. घाण्यात ही पायरीच नाही. म्हणून घाण्याच्या तेलाची सुरक्षितता पूर्णपणे दाण्याच्या निवडीवर आणि साठवणीवर टिकून असते, आणि बाटलीवर त्याबद्दल काहीच नसते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातून जलशोथाची साथ आली, साठांहून अधिक माणसे दगावली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले होते. ते तेल दाबून काढलेले होते म्हणून कोणी वाचले नाही. त्यानंतर खाद्यतेलाच्या वेष्टनाचा आदेश निघाला आणि सुटे तेल विकण्यावर बंधने आली. आजही ‘डबा घेऊन या, समोर काढून देतो’ या विक्रीला विश्वासाचे चिन्ह मानले जाते. ताजे तेल समोर निघते हे खरे, पण घाण्यात पडलेल्या दाण्याचा पूर्वेतिहास समोर निघत नाही.

आता तळणाकडे वळू, कारण गोखिवरे-सातिवलीच्या गाळ्यांबाहेर वडे-भजी खाऊन दिवस काढणाऱ्या कामगाराला चर्चेतल्या कच्च्या तेलाशी नव्हे, कढईतल्या तेलाशी गाठ आहे. लिनोलिक आम्ल हवेत ओलिकपेक्षा दसपट किंवा त्याहून जास्त वेगाने बिघडते. दिवसभर तापणाऱ्या कढईत त्यातून ध्रुवीय संयुगे साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात त्यांची मर्यादा पंचवीस टक्के ठेवली आहे. इथे नेहमीच्या वाणाचे लाकडी घाण्याचे करडई तेल घातले तर ते दोन बाजूंनी हरते. पंचाहत्तर टक्के लिनोलिकमुळे ते लवकर खराब होते, आणि न काढलेल्या मुक्त मेदाम्लांमुळे लवकर धूर धरते. अशुद्ध शेंगदाणा तेलाचा धुराचा बिंदू १६० अंशांच्या आसपास आणि रिफाइंडचा २३० अंशांच्या आसपास असतो, तर वडा साधारण १७५ ते १८० अंशांवर तळला जातो. या कढईला हवे आहे ते जास्त ओलिक असलेल्या वाणाचे तेल, मग ते एक्सपेलरचे असो की शुद्ध केलेले. म्हणजे गरीब माणसाच्या अन्नात आरोग्याचा फरक पाडायचा असेल तर तो मार्ग बियाण्याच्या दुकानातून जातो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आजोबा-पणजोबा घाण्याचे तेल खाऊन धडधाकट राहिले. ते तेल खात होते हे खरे, पण किती खात होते? नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो दिला आहे, आणि पोषणतज्ज्ञांची शिफारस बारा किलोच्या आसपास आहे. जुन्या पिढीच्या ताटात तेल चमच्याने पडत होते, अंगमेहनत जास्त होती, तळलेले सणालाच होत होते. या सगळ्यांतून फक्त घाणा उचलून त्याला श्रेय देणे हा तर्क नाही. रोज चार चमचे जास्त तेल खाऊन ते घाण्याचे आहे म्हणून निश्चिंत राहणारा माणूस पूर्वजांचे अनुकरण करत नाही.

दुसरा आक्षेप अलीकडे परदेशातून आला आहे: बियांची तेले, त्यांतले लिनोलिक, हीच मुळी शरीरात दाह वाढवतात, म्हणून ‘कारखान्याचे’ तेल सोडा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००९ मध्ये या दाव्याचा विचार करून ओमेगा-६ मेदाम्लांतून एकूण ऊर्जेच्या किमान पाच ते दहा टक्के भाग घेण्याची शिफारस केली होती. पण क्षणभर हा दावा खरा मानू. मग ज्याला लिनोलिकची भीती आहे त्याने लाकडी घाण्याचे करडई तेल सर्वांत आधी टाळायला हवे, कारण नेहमीच्या वाणात ते सर्वाधिक असते. प्रत्यक्षात हेच गिऱ्हाईक तेच तेल दुप्पट भावाने घेते. लिनोलिकला घाबरायचे असो की त्याचे स्वागत करायचे असो, दोन्ही पक्षांना वाणाचीच माहिती लागते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घाण्याच्या महिम्यावर टीका केल्याने लहान व्यावसायिकाची, गावच्या तेलघाणीची भाकरी जाते. घाण्याच्या रोजगाराचा विचार महाराष्ट्रात फार आधी झाला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्याची रचना सुधारली. तीच पुढे वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. बैलाचे कष्ट कमी व्हावेत, उतारा वाढावा, गावातले बी गावातच पिळले जावे, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. आज भाव जास्त का, याचेही उत्तर त्याच व्यवहारात आहे. शंभर किलो शेंगदाण्यात अठ्ठेचाळीस किलो तेल धरले आणि घाण्याच्या पेंडीत बारा टक्के तेल राहिले, तर हाती साधारण एक्केचाळीस किलो येते. द्रावकाने पेंडीतले तेल एका टक्क्यावर आणले तर साडेसत्तेचाळीस येते. हे फरकाचे साडेसहा किलो पेंडीबरोबर जनावराच्या गव्हाणीत जाते. भावातल्या फरकाचा एक भाग या तेलाचा, एक भाग लहान प्रमाणावरच्या मजुरीचा, आणि उरलेला आरोग्याच्या आश्वासनाचा. पहिल्या दोन भागांसाठी पैसे देणारा माणूस लहान उद्योगाला खरी मदत करतो. तिसरा भाग टिकाऊ नाही, कारण उद्या मोठी कंपनी लाकडी घाण्याचे चित्र छापून तोच दावा स्वस्तात करील आणि लहान तेलघाण्याच्या हातात वेगळे असे काही उरणार नाही. ‘अमुक वाणाचा भुईमूग, अमुक तालुक्यातला, अमुक महिन्यात पिळलेला’ हे सांगणे मात्र लहान माणसालाच सोपे आहे, कारण त्याच्याकडे दहा जिल्ह्यांचे बी एका टाकीत मिसळत नाही.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: बाजार समितीत येणारा माल मिश्र असतो, वाण कोण सांगणार? खरे आहे, पण मग बाटलीवर वाणाऐवजी वाणाचा परिणाम छापा. वायू वर्णलेखनाने, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीने, तेलातली मेदाम्ले मोजणे ही प्रयोगशाळांतली रोजची चाचणी आहे. लेबलवर संपृक्त आणि ट्रान्स मेद लिहावा लागतोच. त्यालाच ओलिक, लिनोलिक आणि लिनोलेनिकचे आकडे जोडले तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. ही मागणी घाण्यापुरती नाही. हृदयाचे चित्र छापणाऱ्या रिफाइंड तेलाच्या कंपन्याही आपले सूर्यफूल साधे आहे की जास्त ओलिकचे, आणि मिश्रणात कोणते तेल किती, हे बारीक अक्षरांत दडवतात. त्यांनाही हाच नियम लागू व्हावा. एक मर्यादा मान्य केली पाहिजे: वाण सगळे काही बदलू शकत नाही. वसईच्या नारळाचे तेल व्हर्जिन म्हणून विका की सुक्या खोबऱ्याचे, त्यात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास आणि संपृक्त मेद नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो. नारळाच्या जातीजातींतला फरक त्यापुढे लहान आहे. म्हणून क्रम असा लागतो: आधी पीक कोणते, मग वाण आणि हवा, मग दाण्याची निवड व साठवण, आणि त्यानंतर काढण्याची पद्धत. आजची जाहिरात हा क्रम शेवटून वाचते.

या मांडणीतून निघणाऱ्या मागण्या ठोस आहेत. पालघरच्या खुरासणीची आणि सोलापूर-मराठवाड्याच्या करडईची वाणवार मेदाम्ल-चाचणी कृषी विद्यापीठांनी दर हंगामात प्रसिद्ध करावी. जास्त ओलिकच्या भुईमुगाला आणि करडईला बाजारात वेगळी प्रतवारी आणि वेगळा भाव मिळावा, नाहीतर शेतकरी ते बियाणे का पेरील? घाण्याच्या तेलाला अफ्लाटॉक्सिनचा दाखला सक्तीचा व्हावा, आणि रिफाइंड तेलाला ग्लायसिडिल एस्टरचा. आणि गिऱ्हाइकाने दुकानात पहिला प्रश्न बदलावा. ‘घाण्याचे आहे का?’ याला दुकानदार कायम ‘हो’ म्हणेल. ‘कोणत्या वाणाचे, कुठले, आणि त्यात ओलिक किती?’ याला ‘हो’ म्हणून भागत नाही. त्याला माहिती द्यावी लागते, किंवा माहिती नाही हे कबूल करावे लागते. दोन्ही उत्तरांतून गिऱ्हाईक आजच्यापेक्षा शहाणे होऊनच बाहेर पडेल.